दाढेतला मे महिना

वृषाली खराडेने आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तिची जीभ जराही अडखळली नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

नाव घ्यायला लावलं तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, धैर्यशील मगदूमने. बाल न्याय मंडळाच्या आवारातल्या बाकावर तो तिच्या शेजारी बसला होता. हातात तिच्यासाठी आणलेला चहा होता आणि आवाजात तीच माया होती, जिच्या आधारावर वृषाली नवरा गेल्यापासून उभी होती.

"अक्का, डोकं शांत ठेवून ऐक. त्यांना फक्त एक ठिकाण पाहिजे, शिसं कुठनं आलं त्याचं. दाजींचं बॅटरीचं दुकान होतं, अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. बॅटरी म्हणजे शिसंच की. आणि दाजी आता आहेत कुठं? गेलेल्या माणसाला कोण बेड्या घालणार? पोरगी तेवढी सुटंल."

"पण ते तर मागल्या न्हाणीत..."

"आता ते कशाला काढतीस?"

आणि तिने ते काढलं नाही. तिचा नवरा सतीश दुकानातून आला की मागल्या न्हाणीत अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. पोर कितीही रडत असली तरी तोवर तिला उचलायची नाही. थंडीवाऱ्याची ही कसली सोवळ्याची तऱ्हा, म्हणून वृषाली त्याच्यावर वैतागायचीसुद्धा. ते सगळं तिने गिळलं, आत गेली आणि मंडळापुढे सांगून मोकळी झाली की शिसं आलं ते माझ्या नवऱ्याच्या दुकानातून.

आता हे शिशाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

वृषालीची मुलगी ईश्वरी, वय सोळा, लहानपणापासून तापट. तापट म्हणजे घरोघरी असतात तशी नव्हे. एका क्षणात डोक्यात राख घालून घ्यायची, हाताला लागेल ते भिरकावायची आणि थोड्या वेळाने स्वतःच कोपऱ्यात मुसमुसत बसायची. वर्गात एका जागी बूड टेकत नसे. काल आलेलं गणित आज आठवत नसे. ऑगस्टमध्ये चार्जिंग स्टेशनवर रांगेवरून तिचं तिथल्या कामगाराशी वाजलं. त्याने तिच्या स्कूटीची वायर काढून दुसऱ्याच्या गाडीला लावली, एवढंच. तिने हातातलं हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं, आणि तो खाली पडल्यावरही घालत राहिली. भरत नावाचा तो माणूस दवाखान्यात दगावला. मागे बायको आणि दोन लहान लेकरं. हे वृषाली कधी विसरली नाही, आणि ही गोष्ट ऐकणाऱ्यानेही विसरू नये.

वय सोळा पूर्ण, गुन्हा खुनाचा. अशा वेळी मंडळाला ठरवावं लागतं की या पोराला पोर म्हणून ठेवायचं, की मोठ्यांच्या कोर्टात मोठ्यांच्या शिक्षेला धाडायचं. पूर्वी हे ठरवायला कुणी तज्ज्ञ पोराशी घटकाभर बोलायचा. आता दात बघतात.

शिसं हा मोठा लबाड धातू. शरीरात शिरला की कॅल्शियमचं सोंग घेतो, आणि शरीर भाबडेपणाने त्याला आपला समजून हाडांत, दातांत जागा देतं. मेंदूतही तो कॅल्शियमच्याच दारातून घुसतो, आणि वाढत्या पोराचा नेमका तो भाग बिघडवतो जो रागाला लगाम घालतो. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे रक्त तपासलं तर फार तर गेला महिना-दोन महिने कळतात. दाताचं तसं नाही. दात थरावर थर चढत वाढतो. जो थर ज्या आठवड्यात चढला, त्या आठवड्यात अंगात असलेलं शिसं त्या थरात कायमचं कोंडलं जातं. ते पुढे कुणाला पुसता येत नाही, ना आईला, ना वकिलाला.

हे थर दात न उपटता वाचणारं यंत्र निघालं आणि सगळंच बदललं. यंत्र गालावर बाहेरून धरायचं. क्ष-किरणांची बारीक तिरीप दाढेतून फिरते, शिशाचे अणू त्या किरणांना आपल्या ठरलेल्या पद्धतीने उलट उत्तर देतात, आणि पडद्यावर उमटतं की कुठल्या वयात पोराच्या अंगात किती शिसं होतं. शिवाय शिशात चार प्रकारचे अणू असतात, वजनाने थोडे कमीजास्त, आणि खाणीखाणीगणिक त्यांचं प्रमाण वेगळं. दाताचा कणभर चुरा खरवडून हे प्रमाण पाहिलं की दातातलं शिसं आणि अमक्या वस्तूतलं शिसं एकाच खाणीतलं आहे का, तेही सांगता येतं.

मग वरच्या कोर्टाचा हुकूम आला. मंडळापुढे येणाऱ्या प्रत्येक पोराची शिसे-तपासणी झाल्याशिवाय त्याला मोठ्यांच्या कोर्टात धाडायचं नाही. शिशाने बिघडलेल्या पोराला तुरुंग नव्हे, उपचार द्यायचे. पण हुकुमाला एक शेपूट होतं. शिसं आलं कुठून, ते सापडल्याशिवाय अहवाल पुरा धरायचा नाही, कारण ठिकाण मोकळं सुटलं तर त्या गल्लीतली दुसरी पोरं तेच खात राहणार. ऐकायला अगदी शहाणपणाचं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच झाला की पोर वाचवायचं तर आईबापाने कुणाकडे तरी बोट दाखवायचं. वृषालीने दाखवलं ते भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाकडे.

"हे जुळत नाही," डॉ. नसरीन मुल्ला म्हणाल्या. जिल्ह्याचं शिसे-तपासणी केंद्र त्या चालवत. समोर पडद्यावर ईश्वरीची दाढ होती, भिंतीएवढी मोठी केलेली. "दुकान कधी बंद झालं?"

"हे गेले तेव्हाच. ईश्वरी शाळेत पाचवीला होती."

"आणि शिसं यंदाच्या जुलैपर्यंत आहे. दुकानातल्या जुन्या प्लेटा आम्ही तपासल्या. त्यांची खाण वेगळी, पोरीच्या दातातली वेगळी. तुमच्या मिस्टरांकडून तिला जवळजवळ काहीच गेलेलं नाही. फार जपून वागले असणार."

वृषाली खुर्चीत अवघडून बसली. न्हाणीतल्या त्या बादलीचा आवाज तिला ऐकू आल्यासारखा वाटला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकारच.

"या फिक्या रेघा बघा," त्या पुढे म्हणाल्या. गडद दाढेत थोड्या थोड्या अंतरावर फिकट पट्टे होते. "वर्षाला एक. शिसं एकदम उतरतं आणि मग जूनपासून पुन्हा चढतं. ही मेमध्ये कुठे असते?"

"मामाकडे. सुट्टीला. नांदणवाडीला माझं माहेर आहे."

"दर वर्षी?"

"पाळण्यात होती तेव्हापासून."

डॉक्टरीणबाईंनी एकेक रेघ बोटाने मोजली. "मग ठिकाण तुमच्या घरात आहे. घरातून ती हलली की उतरतं, परतली की चढतं."

वृषालीला त्याचं नवल वाटलं नाही, हीच खरी वाईट गोष्ट. ईश्वरी मामाकडे गुणी आणि आईकडे कजाग, हे अख्ख्या नात्यागोत्याला पाठ होतं. नांदणवाडीला पोर शहाण्यासारखी जेवायची, मामीला कामात मदत करायची, मामेभाऊ रणवीरबरोबर पत्ते खेळायची. जूनमध्ये घरी आली की पंधरा दिवसांत दारं आपटायला सुरुवात. सासूबाई जिवंत असेतो म्हणत, पोरीत खोट नाही, आईच्या वळणात आहे. वृषालीला ते हळूहळू पटलं होतं. आता यंत्रानेही तेच सांगितलं.

संध्याकाळी तिने भावाला फोन लावला.

"मी आजवर बोललो नव्हतो, अक्का," सगळं ऐकून तो म्हणाला. "पण तुझं घर जुनं आहे. भिंतीचा रंग, पाण्याचे पाइप. काहीतरी असणार बघ. तुझ्याच घरात."

त्या आठवड्याची भेट निरीक्षण गृहात झाली. ईश्वरी समोर बसली. केस कुणीतरी घट्ट वेणीत बांधून दिले होते. नजर टेबलावर होती.

"बाबांचं नाव घेतलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"इथे सगळं कळतं. घेतलंस का?"

"तुला सोडवायला घेतलं गं."

"दुसरं कुणी नाही मिळालं तुला?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर वृषालीला सवय होती. पोर उठली आणि वेळ संपायच्या आत परत निघून गेली. बाहेर आल्यावर वृषाली फाटकापाशी उभी राहून रडली, अगदी लोकांदेखत.

केंद्राची माणसं घरी आली आणि एक दिवसभर घर खरवडत बसली. भिंतीचा पोपडा, नळाचं पाणी, काजळाची डबी, जुनी खेळणी, पितळी पातेली, मिसळणाच्या डब्यातला प्रत्येक मसाला. वृषाली एकेक वस्तू पुढे करत होती आणि मनात म्हणत होती, हे असू दे, नाहीतर हे असू दे, पण काहीतरी असू दे.

निघाली ती हळद. हळदीत शिशाचा पिवळा रंग होता, जो एरवी यंत्रांना आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांना मारतात. खाण तीच, जी ईश्वरीच्या दाढेत होती.

ही हळद माहेरची. धैर्यशीलची नांदणवाडीत हळदीची पेढी होती. हळकुंडं पॉलिश करायचे मोठे ड्रम, दळायची गिरणी, सगळं वडिलांपासूनचं. दर जूनमध्ये तिथून वर्षाची हळद यायची, पत्र्याच्या डब्यात. वृषालीने बाजारातली हळद कधी आयुष्यात विकत घेतली नाही. वरणात ती, भाजीत ती, पोरीला खोकला झाला की दुधात ती. खोकला तर वारंवार व्हायचा, आणि दूधही वारंवार.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माहेराहून आलेली हळद मातकट रंगाची होती. वरण वाढल्यावर सासूबाईंनी चार माणसांत विचारलं होतं, "तुमच्याकडे हळदीची पेढी आहे म्हणे? वरणाला रंग तर दिसत नाही." वृषालीचा चेहरा एवढासा झाला. तिने माहेरी निरोप धाडला, पुढच्या वेळी चांगली पिवळीजर्द हळद द्या, माझी मान खाली जाते इथे. पुढच्या वर्षीपासून डब्यात सोन्यासारखी हळद येऊ लागली. सासूबाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

हे सगळं आता तिला आठवलं, पण तिचं मन अजून वाकड्या वाटेला गेलंच नव्हतं. तिने पहिला फोन केला तो धैर्यशीलला, त्याला सावध करायला.

"धैर्या, तुझ्या ड्रममध्ये कुणीतरी काहीतरी घालतंय बघ. कामगारांवर नजर ठेव. आणि रणवीरला आधी तपासून घे. तोही पोर लहानपणापासून तेच खातोय रे." बोलता बोलता तिचा आवाज भरून आला, भाच्याच्या काळजीने.

मग तो म्हणाला, "आणतो त्याला. होऊ दे तपासणी. बघू दे सगळ्यांना."

तिचा जीव भांड्यात पडला. भाऊ पाठीशी उभा आहे, असंच तिला वाटलं.

मंडळाची बैठक भरली. मध्यभागी न्यायदंडाधिकारी बाई, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. काळे कोट नाहीत, पिंजरा नाही, एक लांब टेबल आणि त्याभोवती माणसं. धैर्यशील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. मागे त्याची बायको अनुजा आणि तिच्याशेजारी रणवीर, ईश्वरीच्याच वयाचा, गोंधळलेला. मुलाचा अहवाल डॉ. मुल्लांनी वाचून दाखवला. दात स्वच्छ, शिसं नावालाही नाही, अगदी जन्मापासून.

वृषालीने हुश्श केलं. तोवर धैर्यशील उठून उभा राहिला होता.

"मॅडम, माझ्या पेढीची हळद माझा मुलगाही खातो. त्याचे दात तुमच्यासमोर आहेत. हळद आमच्याकडून निघते तेव्हा स्वच्छच असते." त्याने घसा साफ केला, बहिणीकडे न बघता. "डबा पुढे वर्षभर ज्यांच्या घरात उघडा राहतो, त्यात काय पडतं, ते त्यांना विचारा. यांच्या घरात बॅटऱ्यांचंही सामान होतं. आधी यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं, आता भावाचं सांगतायत."

वृषालीने त्याचं नाव कुणाला सांगितलंच नव्हतं. डबा माहेरचा, एवढंच ती बोलली होती; बोट दाखवलं ते केंद्राच्या तपासणीने. आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लावणारा हाच, चहाचा कप हातात देऊन.

न्यायदंडाधिकारी बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "डब्यात नंतर रंग पडलेला असू शकतो?"

"दळलेल्या हळदीवरून ते खात्रीने सांगता येणार नाही," डॉ. मुल्ला म्हणाल्या.

धैर्यशील खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि ती बघता बघता वृषालीला एकदम नांदणवाडीचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. चुलवणाच्या वरच्या फळीवर चिनी मातीची बरणी. अनुजा फोडणीला नेहमी त्यातली हळद घ्यायची, मातकट, जुन्या वासाची. वृषालीने एकदा विचारलंही होतं, अगं, एवढी चांगली पिवळी पोत्यांनी पडलीय आणि तू ही काय वापरतेस? अनुजा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "यांना घरात पॉलिशची चालत नाही, वन्सं. शेतातली वेगळी काढून ठेवतात." वृषालीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. खाण्यापिण्याच्या आवडी असतात एकेकाच्या, असं समजून.

म्हणूनच मेच्या रेघा फिक्या. मामाच्या घरी ईश्वरी मामाच्या घरची हळद खायची. आणि म्हणूनच रणवीरचे दात स्वच्छ. भावाने आपल्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पोरगा उभा केला, आणि त्या पोराच्याच दातांत लिहिलेलं होतं की बापाला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते इतक्या मायेने, इतकी वर्षं.

रडायला तिला वेळ नव्हता. तिने हात वर केला.

"मॅडम, मला घरून एक वस्तू आणायची आहे. दुपारपर्यंत थांबता येईल का?"

बाईंनी मान हलवली. सोबत एक शिपाई दिला.

वस्तू म्हणजे ओटी. मे महिन्यात नांदणवाडीच्या जत्रेला गेली होती तेव्हा निघताना अनुजाने भरलेली. सतीश गेल्यावर इतर बायकांनी वृषालीला ओटीसाठी पुढे बोलावणं बंद केलं, पण अनुजाने सोडलं नाही. माहेरवाशीण ती माहेरवाशीण, असं ती ठामपणे म्हणायची, आणि त्यासाठी वृषालीचा तिच्यावर फार जीव होता. खण, तांदूळ, सुपारी, खारीक, हळकुंड, सगळं खणातच बांधून वर गाठ. एरवी वृषाली गौरीच्या सुमारास गाठ सोडायची आणि तांदळाचा भात करायची. यंदा ऑगस्टमध्ये पोलीस दारात आले, आणि गाठोडं कपाटात देवाच्या वस्तूंमागे तसंच राहिलं.

तिने ते टेबलावर ठेवलं. न्यायदंडाधिकारी बाईंनी गाठ न्याहाळली. "ही कुणी बांधली?"

"माझ्या भावजयीने. तिथेच, माझ्या भावाच्या घरात. मी सोडलेली नाही."

बाईंनी अनुजाकडे बघितलं. "गाठ तुमची?"

अनुजाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने किंचित मान हलवली, नकारार्थी, पण ती दिसायची तेवढी दिसली. अनुजाची बोटं पदराशी चाळा करत राहिली. मग तिने मुलाकडे पाहिलं.

"माझीच," ती म्हणाली. "दोनदा फिरवून बांधते मी."

गाठ सोडली. तांदळात दोन हळकुंडं होती, चकचकीत पिवळी, ओटीत शोभून दिसावीत म्हणून पोत्यातून निवडून काढलेली. डॉ. मुल्लांनी हातातलं यंत्र एका हळकुंडावर टेकवलं. आकडा बघून त्यांनी ते पुन्हा टेकवलं. मग त्यांनी अडकित्ता मागवला, हळकुंड मधोमध फोडलं आणि आतल्या नारिंगी गरावर यंत्र धरलं.

"वर भरपूर शिसं. आत काही नाही," त्या म्हणाल्या. "रंग आत मुरलेला नाही, म्हणजे जमिनीतून आलेला नाही. आणि तांदूळ स्वच्छ आहेत, म्हणजे गाठोड्यात पडलेला नाही. हा हळकुंडावर चोळून बसवलेला आहे, पॉलिशच्या ड्रममध्ये. खाण कुठली ते उद्या सांगते, पण मला शंका वाटत नाही."

"मगदूम," न्यायदंडाधिकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी फोडणीला कुठली हळद असते?"

धैर्यशील शर्टाची बाही ओढत राहिला. रणवीर बापाकडे टक लावून बघत होता. तो प्रश्न त्यालाही कळला होता.

बाहेरच्या ओसरीत धैर्यशीलने बहिणीला गाठून तिचा हात धरला. शर्टाची इस्त्री मोडली होती.

"तूच मागितलीस, अक्का. पिवळी पाहिजे म्हणून तूच निरोप धाडला होतास. मी तुझी मान वर राहावी म्हणून..."

"मी रंग मागितला, धैर्या. हे मागितलं नव्हतं."

"बाजारात सगळेच घालतात. फिकी हळद कुणी हातात घेत नाही. थोड्याने काय होतंय असं वाटलं मला. खरंच सांगतो, इतकं होईल असं नव्हतं वाटलं."

"थोड्याने काही होत नाही, तर मग रणवीरला का नाही दिलीस?"

"तो माझा..."

पुढचं ऐकायची वृषालीला गरज नव्हती. ईश्वरीला पाळण्यात घालून नाव ठेवलं तेव्हा कानात कुर्र करणाऱ्यांत हाही होता. सतीशच्या चितेजवळ तिला धरून उभा होता तोही हाच. यातलं काही खोटं नव्हतं, आणि त्याने तिला जास्तच राग येत होता. सगळंच खोटं निघालं असतं तर सोडून देता आलं असतं. तिने त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि परत आत जाऊन जबाब दिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवऱ्याचं नाव मागे घेतलं. भावाचं सांगितलं. पिवळी हळद आपण मागितली होती, तेही सांगितलं.

अहवाल पुरा झाला. ईश्वरीला मोठ्यांच्या कोर्टात पाठवलं नाही. तिला विशेष गृहात ठेवायचं ठरलं, उपचारासह. शिसं उतरवायचं औषध आणि राग आवरायला शिकवणारी रोजची शिकवणी. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, पण पुष्कळ येईल, असं डॉ. मुल्ला म्हणाल्या. धैर्यशीलच्या पेढीला सील लागलं आणि जिथे जिथे ती हळद जात होती तिथल्या शाळांतून पोरांच्या तपासण्या सुरू झाल्या. नांदणवाडीतून फोन येऊ लागले, नात्यातले, की सख्ख्या भावाला खड्ड्यात घातलंस. वृषालीने ते उचलणं सोडून दिलं. निकालाच्या दिवशी भरतची बायको दारापाशी उभी होती. तिने वृषालीकडे पाहिलंही नाही, आणि तिने का पाहावं?

विशेष गृहातल्या पहिल्या भेटीला ईश्वरी आपणहून येऊन बसली. औषधाने तोंड सुकलं होतं. वृषालीने पाण्याची बाटली पुढे केली.

"बाबांचं नाव मी मागे घेतलं," ती म्हणाली.

"घेतलंच कशाला होतंस?"

ईश्वरी बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"मामाकडे मला बरं वाटायचं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "डोकं शांत असायचं. घरी आले की तू काही बोललीस तरी डोक्यात जायचं. मला वाटायचं, मला तू आवडत नाहीस. आईच आवडत नाही म्हणजे आपणच वाईट असणार, असं वाटायचं."

"मलाही तेच वाटायचं," वृषाली म्हणाली. "की माझ्याजवळच तू अशी का वागतेस."

"मामाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो गं."

वृषाली वाट बघत होती की आता बाटली भिंतीवर आपटणार. ईश्वरीने झाकण नीट लावलं आणि बाटली टेबलावर सरळ उभी ठेवली.

"शाळा सुरू व्हायच्या आधी तो मला एसटीत बसवायचा ना, तेव्हा डबा माझ्याच हातात द्यायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, नीट धर, तुझ्या आईसाठी आहे. मी मांडीवर घेऊन बसायचे. घाटात गाडी हलायची तेव्हा दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायचे." "आई, मी एकदाही सांडू दिली नाही."